रॉकी पर्वतातली चंदेरी गाडी

मुंबईहून मडगावला जाणाऱ्या जनशताब्दी गाडीला सप्टेंबर २०१७ मध्ये एक वेगळा डबा जोडण्यात आला. मोठमोठ्या काचांच्या खिडक्या, छतालाही काचा, आणि हवी तिकडे वळवता येणारी खुर्ची. पुढे २०२१ साली तसेच डबे 'डेक्कन एक्सप्रेस' आणि 'डेक्कन क्वीन' या पुणे-मुंबई गाड्यांना लागले. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटातले धबधबे बघायला लोक त्यांत हौसेने बसतात. या डब्याला म्हणतात 'व्हिस्टाडोम'. 'व्हिस्टा' म्हणजे लांबवर पसरलेला देखावा आणि 'डोम' म्हणजे घुमट. आता आपल्या या डब्याला घुमट कुठे आहे, असे एखादा चौकस मुलगा विचारील, आणि त्याचे बरोबरच आहे. आपल्याकडे नाव आले, घुमट मागे राहिला. तो ज्या गाड्यांवर होता त्या अमेरिकेतल्या. त्यांतल्या एका गाडीची हकीकत आज सांगतो. तिचे नाव 'रिओ ग्रँड झेफर'.

ही गाडी त्या नावाने १९७० ते १९८३ अशी अवघी तेरा वर्षे धावली, तीही आठवड्यातून तीनच दिवस. तिचे डबे उत्तम होते, बसायला उतारू होते, वाटेतला देखावा तर असा की तो बघायला लोक मुद्दाम लांबून येत. तरी ती बंद झाली. 'गाडी भरून जाते, मग तोटा कसा?' हा प्रश्न एस. टी. च्या थांब्यावर आणि आडगावच्या स्टेशनवर आपणही विचारतो. तेव्हा परक्या मुलखातली असली तरी ही हकीकत नीट समजून घेण्याजोगी आहे.

शिक्षक मित्रांनी अमेरिकेचा नकाशा फळ्याजवळ टांगावा. मधल्या भागाच्या थोडे पश्चिमेला कोलोराडो राज्यात डेन्व्हर शहर सापडेल. समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट, म्हणजे बरोबर एक मैल उंच. तिथून पश्चिमेकडे बोट सरकवले की युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी लागते. या दोन शहरांमध्ये लोहमार्गाने अंतर ५७० मैल, म्हणजे सुमारे ९१७ किलोमीटर; मुंबई-नागपूरपेक्षा थोडे जास्तच. आणि या दोहोंच्या मध्ये उभा आहे रॉकी पर्वत.

पहिला मोठा लोहमार्ग घालणाऱ्या युनियन पॅसिफिक कंपनीने शहाणपणा केला. तिने या पर्वताशी दोन हात करण्याचे टाळून उत्तरेकडून, वायोमिंगच्या सपाट मुलखातून आपले रूळ नेले. डेन्व्हर त्यामुळे बाजूला पडले. १८७० साली डेन्व्हरलाच 'डेन्व्हर अँड रिओ ग्रँड' नावाची दुसरी कंपनी निघाली. तिला जायचे होते दक्षिणेकडे, रिओ ग्रँड नदीच्या काठाने मेक्सिकोच्या सरहद्दीपर्यंत. ती तिथे कधी पोचलीच नाही. डोंगरातल्या खाणींच्या ओढीने ती पश्चिमेकडे वळली आणि नाव तेवढे नदीचे राहिले. पुढे ही कंपनी अभिमानाने सांगत असे की, आम्ही रॉकीला वळसा घालत नाही, रॉकीतून जातो. जाहिरातीचा भाग सोडला तरी ते खरे होते, आणि त्याचा खर्चही तिलाच सोसावा लागे.

डेन्व्हरहून सरळ पश्चिमेला डोंगर फोडून जाण्याचे वेड मात्र दुसऱ्याच माणसाचे. डेव्हिड मोफॅट हा डेन्व्हरचा एक सावकार, बँकेचा मालक. त्याने १९०२ साली हा मार्ग हाती घेतला. बोगद्याला पैसा नव्हता म्हणून रूळ ११,६०० फुटांहून उंच खिंडीवरून नेले. हिवाळ्यात तिथे बर्फ असे पडे की गाड्या दिवसचे दिवस अडकत. मोफॅटने आपली सारी पुंजी त्यात घातली आणि १९११ साली तो वारला. बोगदा झाला तो पुढे लोकांच्या पैशातून, डेन्व्हर भागातील करदात्यांच्या जिवावर, १९२८ साली. त्याची लांबी ६.२ मैल, म्हणजे जवळजवळ दहा किलोमीटर. आपल्या कोकण रेल्वेवरचा रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, त्यावरून अंदाज बांधावा. बोगद्यात इंजिनाचा धूर कोंडतो म्हणून पूर्वेच्या तोंडाला चक्क दार बसवले आहे. गाडी गेली की दार लावून मोठ्या पंख्यांनी आतली हवा बाहेर काढतात. बोगदा खोदताना शेजारून एक लहान बोगदा आधी खणला होता. तो वाया गेला नाही. डोंगरापलीकडचे पाणी त्यातून डेन्व्हर शहराला आणतात. शेतकरी बंधूंना रेल्वेपेक्षा या पाण्याची गोष्ट जास्त आवडेल, पण ती पुन्हा केव्हातरी.

१९३४ साली अडतीस मैलांचा एक जोडमार्ग घातला गेला आणि मोफॅटचे रूळ रिओ ग्रँड कंपनीच्या जुन्या मार्गाला मिळाले. डेन्व्हर ते सॉल्ट लेक हे अंतर त्यामुळे १७५ मैलांनी कमी झाले. आपल्या गाडीचा रस्ता असा तयार झाला.

आता गाडीकडे वळू.

त्याच १९३४ साली बर्लिंग्टन नावाच्या रेल्वे कंपनीने 'झेफर' या नावाची तीन डब्यांची डिझेलवर चालणारी गाडी रुळांवर आणली. झेफर म्हणजे ग्रीक पुराणातला पश्चिम वारा. कंपनीचे अध्यक्ष राल्फ बड यांनी हे नाव इंग्रज कवी चॉसर याच्या काव्यातून उचलले, असे सांगतात. २६ मे १९३४ रोजी ही गाडी पहाटे डेन्व्हरहून निघाली आणि १,०१५ मैलांचे अंतर कुठेही न थांबता तेरा तास पाच मिनिटांत तोडून संध्याकाळी शिकागोला पोचली. गाडीत पाहुण्यांबरोबर एक गाढवही होते. जाहिरातीसाठी आणलेले ते बिचारे जनावर त्या दिवशी जगातल्या बहुतेक माणसांपेक्षा वेगाने प्रवास करून गेले.

ही गाडी बांधली होती फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने. आडनाव तेच, पण कंपनी वेगळी. तिचे वैशिष्ट्य होते न गंजणारे पोलाद. आपल्या घरात स्टीलचे डबे, ताटे, वाट्या असतात ना, त्याच जातीचे. लोखंडात सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल मिसळले की ते गंजत नाही. पण एक अडचण होती. हे पोलाद नेहमीच्या रीतीने तापवून सांधले की सांध्याजवळ त्याचा तो गुण जातो आणि नेमका तिथेच गंज धरतो. बड कंपनीच्या इंजिनिअरांनी युक्ती काढली. दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरायचे आणि क्षणाच्याही लहान भागापुरता विजेचा जबर प्रवाह त्यातून सोडायचा. सांधा जुळतो, पण आसपासचा पत्रा तापायला वेळच मिळत नाही. जसे, जळत्या दिव्याच्या ज्योतीतून बोट झर्रकन फिरवले तर भाजत नाही, तसेच काहीसे. या रीतीने बांधलेले डबे हलके, मजबूत आणि रंगाची गरज नसलेले. बाजूंना पन्हळी पत्रा, तोही शोभेपुरता नव्हता. पन्हळीने पत्र्याला ताठपणा येतो, हे आपल्या गोठ्याच्या छपराला माहीत असतेच. हे डबे इतके टिकाऊ निघाले की त्यांना बांधणाऱ्यांचा हिशेबच चुकला म्हणा ना! डबे झिजले नाहीत. त्यांच्याखालचा धंदा झिजला.

घुमटाची कल्पना मात्र प्रत्यक्ष आपल्या या रस्त्यावरच सुचली. १९४४ साली जनरल मोटर्सच्या इंजिने बांधणाऱ्या विभागाचे प्रमुख सायरस ऑस्बोर्न हे ग्लेनवुडच्या घळईतून जात होते. घळई म्हणजे नदीने कापलेली खोल, उभ्या भिंतींची दरी. इथे कोलोराडो नदी आणि तिच्या दोन्ही अंगांना आकाशात गेलेले खडक आहेत. ऑस्बोर्न उतारूंच्या डब्यात बसलेले नव्हते, ते इंजिनात बसले होते. पुढे, वर, दोन्ही बाजूंना त्यांना सगळे दिसत होते. त्यांच्या मनात आले, की जे इंजिनातल्या माणसाला फुकट दिसते ते बघायला उतारू पैसे मोजतील. सॉल्ट लेक सिटीला उतरल्यावर त्यांनी कागदावर डबा काढला. बर्लिंग्टन कंपनीने ती कल्पना उचलली आणि १९४५ साली आपल्या कारखान्यात जुन्या डब्याचे छत कापून त्यावर काचेचा घुमट बसवला. त्यालाच 'व्हिस्टा-डोम' हे नाव दिले.

हा डबा बाहेरून पाहिला तर छताच्या मधोमध काचेचा उंचवटा. आत शिरले की मधल्या भागाची जमीन दोन-तीन पायऱ्या खाली उतरवलेली. तिथे स्वच्छतागृहे वगैरे. वर चढायला छोटा जिना, आणि वर घुमटात चोवीस जणांची बैठक. पुढे पाहिले तर गाडीचे छत आणि इंजिन, वळणावर तर आपलीच सारी गाडी सापासारखी वळताना दिसते. काचा दुहेरी, कारण वरून ऊन आणि बाहेर बर्फ. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की घुमटातल्या या जागांचे तिकीट विकत नसत. साध्या बैठकीचा उतारू काय आणि शयनडब्यातला काय, जागा रिकामी दिसली की वर जाऊन बसायचे. खाली आपली जागा राखलेली असेच.

बर्लिंग्टन, रिओ ग्रँड आणि वेस्टर्न पॅसिफिक या तीन कंपन्यांनी मिळून २० मार्च १९४९ रोजी शिकागोहून कॅलिफोर्नियाच्या ऑकलंडपर्यंत जाणारी 'कॅलिफोर्निया झेफर' सुरू केली. अंतर अडीच हजार मैल, दोन रात्रींचा प्रवास. वेळापत्रक असे बेतले होते, की रॉकी पर्वत आणि पुढची फेदर नदीची घळई दिवसाउजेडी यावी. प्रत्येक गाडीला पाच घुमट. सहा गाड्यांचे ताफे लागले आणि त्यांचे डबे तिन्ही कंपन्यांनी आपापल्या मार्गाच्या लांबीच्या प्रमाणात वाटून घेतले. प्रत्येक डब्याचे नाव 'सिल्व्हर' या शब्दाने सुरू होई. रिओ ग्रँडच्या वाट्याच्या काही डब्यांची नावे घोड्यांवरून: सिल्व्हर ब्राँको, सिल्व्हर कोल्ट, सिल्व्हर मस्टँग, सिल्व्हर पोनी. भोजनाच्या डब्याचे नाव 'सिल्व्हर बँक्वेट', म्हणजे रुपेरी मेजवानी.

ही गाडी लोकांना फार आवडली. उन्हाळ्यात जागा मिळणे कठीण. मग बिघडले कुठे?

इथे जरा हिशेब मांडू. उतारूंची गाडी केवळ तिकिटावर चालते अशी आपली समजूत असते. अमेरिकेत ती पूर्वी दोन खिशांतून चाले. एक खिसा तिकिटाचा, दुसरा टपालाचा. देशभर चालत्या गाडीत पत्रे निवडणारे टपालाचे डबे असत आणि सरकार त्याचे पैसे देई. रात्रीच्या, कमी उतारूंच्या, आडमार्गाच्या गाड्या तर मुख्यतः त्याच पैशावर जगत. १९६७ साली टपालखात्याने बहुतेक गाड्यांवरचे हे डबे काढून घेतले आणि टपाल विमानाकडे व मोटारीकडे वळवले. एक खिसा रिकामा झाला. खर्च तर वाढतच होता. इंजिन चालवणाऱ्यांचा रोज जुन्या करारानुसार मैलांवर मोजला जाई. शंभर मैल म्हणजे एक दिवस. वाफेच्या जमान्यात शंभर मैल जायला खरोखर दिवसाचा मोठा भाग जात असे. डिझेलने तेच अंतर दोन-अडीच तासांत तुटू लागले, पण रोज तेवढाच. कामगारांना दोष देण्याचे कारण नाही. करार दोघांच्या सह्यांनी झाला होता. पण लांब पल्ल्याच्या गाडीला एका प्रवासात कितीतरी 'दिवसांचा' रोज भरावा लागे हे खरे. त्यावर स्वयंपाकी, वाढपी, डबे सांभाळणारे नोकर, आणि दिवसाकाठी एका गाडीसाठी उघडी ठेवलेली स्टेशने.

दुसऱ्या बाजूला १९५६ साली अमेरिकन सरकारने देशभर मोठे हमरस्ते बांधण्याचा कायदा केला, आणि १९५८ नंतर जेट विमाने उडू लागली. रस्ता बांधला सरकारने, विमानतळ बांधले सरकारने आणि शहरांनी. रूळ, पूल, बोगदे मात्र कंपन्यांनीच दुरुस्त करायचे आणि त्यांवर करही द्यायचा. घाईचा उतारू विमानाने गेला, कुटुंबवाला मोटारीने गेला. राहिले कोण? सुट्टीतले प्रवासी, म्हातारी माणसे, विमानाला भिणारे, आणि ज्यांच्या गावाला दुसरे काही जातच नाही असे. उन्हाळ्यात गाडी भरलेली आणि फेब्रुवारीत रिकामी; खर्च मात्र बाराही महिने तोच. भरलेली गाडी पाहून 'हिला तोटा कसा' म्हणणारा माणूस ती बहुधा मे-जूनमध्ये पाहत असतो.

काही कंपन्यांनी या काळात उतारूंना कंटाळवून घालवण्याचा मार्ग धरला. सदर्न पॅसिफिकने भोजनाचे डबे काढून त्या जागी नाणे टाकले की खाणे बाहेर येईल अशी यंत्रे ठेवली. उतारू कमी झाले की तोच पुरावा सरकारपुढे मांडायचा आणि गाडी बंद करण्याची परवानगी मागायची. रिओ ग्रँडने हे केले नाही, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तिनेही गाड्या बंद केल्या, पण उघडपणे. डेन्व्हर-सॉल्ट लेकची रात्रीची 'प्रॉस्पेक्टर' १९६७ साली गेली. डेन्व्हरहून वायव्येकडे क्रेग गावापर्यंत जाणारी 'यांपा व्हॅली मेल' १९६८ साली गेली. ही दुसरी गाडी गुरांच्या चराऊ कुरणांतल्या, कोळशाच्या खाणींजवळच्या छोट्या गावांची होती. तिच्यावर फारशी पुस्तके निघाली नाहीत. बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला डेन्व्हर गाठणारे लोक तिने जात, आणि असे लोक पुस्तके क्वचितच लिहितात.

'कॅलिफोर्निया झेफर'च्या बाबतीत वेस्टर्न पॅसिफिकने आधी अर्ज केला. तिला १९६६ पासून गाडी नको होती. सरकारी आयोगाने एकदा नकार दिला, अखेर १९७० साली मान्यता दिली, आणि २२ मार्च १९७० ला ती तुकड्यातुकड्यांत फुटली. रिओ ग्रँडला मात्र आयोगाने सांगितले, तुमच्या डोंगरातून आठवड्यातून तीनदा गाडी चालू राहिली पाहिजे. त्या गाडीला कंपनीने नाव दिले 'रिओ ग्रँड झेफर'.

वर्षभरातच मोठी उलथापालथ झाली. उतारूंच्या तोट्याने कंपन्या बुडतील म्हणून अमेरिकन सरकारने 'ॲमट्रॅक' नावाचे महामंडळ काढले. १ मे १९७१ पासून ज्या कंपनीला उतारूंचे ओझे टाकायचे असेल तिने १९६९ च्या तोट्यावर आधारलेली एक रक्कम भरून मोकळे व्हायचे. गाड्या ॲमट्रॅक चालवील. त्या दिवशी देशातल्या जवळजवळ निम्म्या उतारू-गाड्या एकदम थांबल्या. पात्र असलेल्या सव्वीस कंपन्यांपैकी वीस कंपन्या सामील झाल्या. रिओ ग्रँड झाली नाही.

का नाही झाली? प्रेमापोटी, असे आगगाडीचे भक्त सांगतात. थोडे असेलही. पण मला कारण अधिक रोखठोक दिसते. तिचा डोंगरातला मार्ग बव्हंशी एकेरी होता आणि कमाई होती कोळशाच्या व मालाच्या गाड्यांची. सामील झाले की परक्या महामंडळाच्या रोजच्या गाडीला वाट करून द्यावी लागणार. आपल्याच रुळांवर आपले वेळापत्रक चालणार नाही. त्यापेक्षा आठवड्यातून तीनदा आपली छोटी गाडी आपल्या मनाप्रमाणे चालवलेली स्वस्त. म्हणजे मालगाड्यांचे हित पाहून कंपनीने उतारू-गाडी राखली! ॲमट्रॅकची शिकागो-कॅलिफोर्निया गाडी मग उत्तरेकडून, त्याच वायोमिंगच्या सपाटीवरून जाऊ लागली. सदर्न कंपनी १९७९ साली सामील झाली, रॉक आयलंडच्या गाड्या १९७८ अखेर बंद झाल्या. लांब पल्ल्याची, खासगी कंपनीने स्वतः चालवलेली गाडी म्हणून 'रिओ ग्रँड झेफर' एकटी उरली.

सोमवार, गुरुवार, शनिवार ती सकाळी डेन्व्हरहून निघे. मंगळवार, शुक्रवार, रविवार परत फिरे. बुधवारी सुट्टी, त्या दिवशी झाडलोट आणि दुरुस्ती. पुढे सोनेरी आणि रुपेरी रंगाची, काळे पट्टे असलेली १९५५ सालची डिझेल इंजिने. मागे तेच १९४९ चे घुमटांचे डबे. डेन्व्हर सोडले की तासाभरात चढ सुरू. पन्नासला एक असा चढ. आपला बोरघाट सदतीसला एक, म्हणजे याहून कडक. पण बोरघाट थोडक्यात आटपतो आणि हा चढ कितीतरी मैल सरत नाही. एका मोठ्या वळणावर वारा इतका जोराचा, की गाड्या कलंडू नयेत म्हणून कंपनीने मातीने भरलेले मालडबे बाजूला कायमचे आडोशाला उभे करून ठेवले आहेत. शेताच्या बांधाला शेवरी लावावी तसे हे डब्यांचे कुंपण. मग जवळजवळ तीस लहान बोगदे, आणि शेवटी मोफॅटचा मोठा बोगदा. त्याच्या पोटात ९,२३९ फुटांवर गाडी जलविभाजक ओलांडते: अलीकडचे पाणी अटलांटिकच्या बाजूला, पलीकडचे पॅसिफिकच्या. पुढे शेकडो मैल कोलोराडो नदीची सोबत. दुपारी ग्लेनवुड, जिथे घुमटाचा जन्म झाला. मग पीचच्या बागांचा ग्रँड जंक्शनचा परिसर, युटाचे लाल वाळवंट, आणि संध्याकाळी हेल्पर नावाचे गाव. हेल्पर म्हणजे मदतनीस. पुढच्या चढावर गाडीला लावायची जादा इंजिने इथे उभी असत, म्हणून गावालाच ते नाव पडले. त्या न्यायाने आपल्या कर्जतचे नाव 'बँकर' पडायला हरकत नव्हती! सॉल्ट लेक सिटी यायला रात्र होई; सारा प्रवास सुमारे चौदा तासांचा.

जेवणाच्या डब्यात शेवटपर्यंत पांढरी चादर अंथरलेली टेबले होती आणि डोंगरी नद्यांतला ट्राऊट मासा ताजा शिजवून मिळे. देशभर अशा गाड्या नाहीशा होत गेल्या तसतशी हिची कीर्ती वाढली. परगावचे, परदेशचे लोक केवळ हिच्यात बसायला डेन्व्हरला येऊ लागले. पण यात एक खोच होती. असा प्रवासी एकदा येतो, छायाचित्रे काढतो आणि घरी जातो. रोजच्या कामाला गाडीने जाणारा माणूस, जो पावसात-बर्फात, मंदीत-तेजीत तिकीट काढतो, तो आठवड्यातून तीन दिवसांच्या गाडीवर संसार उभारू शकत नाही. मंगळवारी दवाखान्यात जायचे आणि गाडी उलट दिशेची, तर तो मोटारच घेणार. एकदा घेतली की मग गाडीकडे कशाला वळेल?

सामानाचीही कुचंबणा होऊ लागली. डबे टिकले, पण ते वाफेने गरम होत. वाफेची इंजिने जाऊन वर्षे लोटली तरी डब्यांची ऊब वाफेचीच. त्यासाठी डिझेल इंजिनाबरोबर तेलावर चालणारा छोटा बॉयलर वागवावा लागे. कंपनीने आपली दोन जुनी इंजिने आतून रिकामी करून त्यांत नुसते बॉयलर बसवले होते. ॲमट्रॅकने १९७९ पासून नवे दुमजली डबे आणले, त्यांची ऊब, गारवा, दिवे सगळे इंजिनातून येणाऱ्या विजेवर. नव्या गाड्यांत वीज आणि या गाडीत वाफ. अशा यंत्रांची दुरुस्ती जाणणारे कारागीर आणि सुटे भाग दोन्ही दुर्मिळ होत जातात. एका गाडीसाठी सारा कारखाना जपणे किती दिवस परवडणार?

१९८३ साली रिओ ग्रँडने हात टेकले आणि ॲमट्रॅकशी करार केला. २५ एप्रिलपासून महामंडळाची गाडी या मार्गाने जायची ठरली. पण त्याआधीच डोंगराने आपले म्हणणे मांडले. हिवाळ्यात बर्फ बेसुमार पडले होते. एप्रिलच्या मध्यावर युटातल्या थिसल गावाजवळ डोंगराची अख्खी बाजू सावकाश सरकू लागली. कामगार रूळ सरळ करीत आणि डोंगर ते पुन्हा वाकवी. अखेर मार्ग सोडून द्यावा लागला. मातीने नदी अडली, पाणी साठले आणि थिसल गाव त्या पाण्याखाली गेले. अमेरिकेतल्या सर्वांत खर्चिक दरडींत तिची गणना होते. 'रिओ ग्रँड झेफर' शेवटचे काही दिवस डेन्व्हर ते ग्रँड जंक्शन एवढीच धावली, आणि २४ एप्रिल १९८३ रोजी तिची अखेरची फेरी झाली. कंपनीने दरडीपलीकडून नवा बोगदा खणून जुलैच्या आरंभी मालगाड्या सुरू केल्या. १६ जुलैला ॲमट्रॅकची गाडी या घाटातून निघाली. तिला नाव दिले 'कॅलिफोर्निया झेफर'. ती आजही रोज शिकागोहून निघून दिवसाउजेडी ही घळई ओलांडते. घुमट मात्र तिला नाही.

रिओ ग्रँड कंपनी स्वतः १९९६ साली, ज्या युनियन पॅसिफिकने रॉकीला वळसा घातला होता, तिच्यातच विलीन झालेल्या कंपन्यांबरोबर गेली. रस्त्यांचे म्हणाल तर याच डोंगरातून मोटारींचा मोठा बोगदा १९७३ मध्ये झाला होता, पण ग्लेनवुडच्या घळईतला हमरस्ता पुरा व्हायला १९९२ उजाडले. चंदेरी डबे विकले जाऊन निरनिराळ्या मालकांकडे गेले. ५७७१ क्रमांकाचे इंजिन डेन्व्हरजवळच्या गोल्डन गावी रेल्वेच्या संग्रहालयात उभे आहे, आणि ग्लेनवुडमध्ये ऑस्बोर्न यांच्या कल्पनेचे स्मारक म्हणून १९५० साली उभारलेली घुमटाच्या डब्याची छोटी प्रतिकृतीही आता तिथेच आहे. २०२१ साली एका खासगी कंपनीने डेन्व्हरहून युटातल्या मोआबकडे काचेच्या छताची सहलीची गाडी काढली. तिचे तिकीट महाग, वाटेतल्या गावांच्या कामाची ती नाही. 'यांपा व्हॅली मेल' बंद पडल्यावर ज्या गावांना पन्नासांहून अधिक वर्षे गाडी दिसली नाही, त्या क्रेगच्या बाजूला पुन्हा रोजची उतारू-गाडी सुरू करण्याचा विचार मात्र कोलोराडो राज्याने चालवला आहे. रूळ तिथे अजून आहेत. कोळशाच्या गाड्या त्यांवरून जात होत्या म्हणून ते उखडले गेले नाहीत.